झिजलेली अक्षरं

परवा नात आली होती. ती पुण्यात ग्राफिक डिझाइनचं काम करते. नवीनच निघालेल्या एका उपाहारगृहाचं मेन्यूकार्ड तिला करायचं होतं, म्हणून माझ्या जेवणाच्या टेबलावरच लॅपटॉप उघडून बसली होती. चहा ठेवायला गेले तर पडद्यावर काय, कटलेट आणि कोल्ड कॉफी चक्क टाइपरायटरवर बडवलेली! आणि तेही धड यंत्रावर नाही. इंग्रजी 'ई'चं पोट शाईने भरलेलं, 'टी'ची शेपटी अर्धवट, 'ओ' एका बाजूला जाड तर दुसऱ्या बाजूला पुसट.

"अगं, रिबन बदला म्हणावं त्यांना," मी म्हटलं.

ती हसली. "आजी, हा फाँटच असा आहे. डिस्ट्रेस्ड टाइपरायटर. मुद्दाम खराब केलेला असतो. लोकांना आवडतो."

डिस्ट्रेस्ड! आम्ही मराठी माध्यमातून बीए झालेली माणसं, इंग्रजी बेताचंच. पण या शब्दाचा अर्थ गांजलेला, संकटात सापडलेला, एवढं मलाही ठाऊक होतं. माणूस गांजतो, दुष्काळात गाव गांजतं. अक्षर कसं गांजेल? नातीने सांगितलं की फाटकी जीन्स विकतात तसंच हे. तिच्या पडद्यावरच्या फाँटचं नाव होतं 'स्पेशल एलिट'. स्मिथ कोरोना आणि रेमिंग्टन नॉइझलेस या जुन्या अमेरिकन यंत्रांच्या अक्षरांवरून तो केलेला आहे आणि इंटरनेटवर फुकट मिळतो. रहस्यकथांची मुखपृष्ठं, हेरांचे सिनेमे, 'अतिगोपनीय' असं दाखवायचे कागद, कॉफीच्या पिशव्या, लग्नपत्रिका... कुठेही चालतो म्हणे.

ती गेल्यावर मला मात्र ती अक्षरं सोडेनात. कारण आमच्या वेळी झिजलेलं अक्षर म्हणजे शोभा नव्हती. एक तर ती आळशीपणाची खूण होती, नाही तर पुरावा. हो, पुरावा. त्याबद्दलच आज लिहायचं आहे.

ज्यांनी टाइपरायटर हाताळलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बटण दाबलं की एक लोखंडी दांडी उसळते. तिच्या टोकाला उलटं कोरलेलं अक्षर असतं. ते रिबनवर आपटतं, रिबन कागदावर, कागद रबरी रुळावर. दर अक्षरागणिक गाडी एक घर पुढे सरकते. घर सगळ्यांना सारखंच, मग बारीक 'आय' असो की पसरट 'एम'. म्हणून तर त्या 'आय'ला वर-खाली आडव्या पट्ट्या लावून रुंद केलेलं असतं. नाहीतर दोन्ही बाजूंना भगदाड पडलं असतं. टाइपरायटरच्या अक्षरांना जो पाय असतो ना, तो असा गरजेपोटी आलेला आहे.

आता ही दांडी दिवसाला हजारो वेळा आपटणार. कधी दोन दांड्या एकमेकींत अडकणार, मग त्या बोटाने ओढून सोडवायच्या, त्यात एखादी किंचित वाकणार. जे अक्षर जास्त लागतं ते आधी झिजणार. रिबनचा तंतू आणि शाई मिळून अक्षरांच्या पोटात मळ साचणार. दोन-तीन वर्षांत एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी बाहेर पडलेली दोन यंत्रं वेगवेगळी लिहू लागतात. जुळ्या भावंडांसारखं. जन्मतः आई फसेल, पण पुढे एकाच्या कपाळावर खोक पडते ना!

ही गोष्ट पहिल्यांदा कोणाच्या ध्यानात आली ते सांगणं कठीण आहे, पण लोकांच्या मनात ती ठसवली शेरलॉक होम्सने. १८९१ साली 'स्ट्रँड' मासिकात आलेल्या 'अ केस ऑफ आयडेंटिटी' या कथेत एक माणूस सहीसुद्धा टाइप करून पत्रं पाठवतो, म्हणजे हस्ताक्षर ओळखू यायला नको. होम्स त्याला अक्षरांच्या झिजेवरूनच पकडतो. रेमिंग्टन कंपनीने पहिलं यंत्र विक्रीला काढलं १८७४ च्या सुमारास. म्हणजे अवघ्या सतरा वर्षांत लेखकाला कळलं होतं की यंत्रामागे लपता येत नाही. हस्ताक्षर निदान बदलून काढता येतं. दांडीवरची खोक कशी बदलणार?

बदलता येते का, याच प्रश्नावर पुढे अमेरिकेत एक मोठा खटला अडकला. आमच्या पिढीतल्या वाचणाऱ्यांना ॲल्जर हिस हे नाव आठवत असेल. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातला बडा अधिकारी, संयुक्त राष्ट्रांच्या स्थापना परिषदेचा सचिव. १९४८ साली व्हिटेकर चेंबर्स नावाच्या एका पूर्वाश्रमीच्या कम्युनिस्टाने त्याच्यावर आरोप केला की हा माणूस सरकारी कागद रशियासाठी मला देत होता. पुरावा म्हणून त्याने ६५ टंकलिखित पानं काढली, १९३८ सालची. त्याचं म्हणणं असं की हिस कागद घरी न्यायचा आणि त्याची बायको घरच्या टाइपरायटरवर ते उतरवून काढायची.

झालं. आता शोध सुरू झाला तो त्या टाइपरायटरचा. हिस कुटुंबाकडे वुडस्टॉक कंपनीचं जुनं यंत्र होतं, ते त्यांनी केव्हाच मोलकरणीच्या घरी देऊन टाकलेलं. पण हिसबाईंनी पूर्वी त्या यंत्रावर लिहिलेली साधी घरगुती पत्रं सरकारी तपासनिसांना सापडली. एका बाजूला ती पत्रं, दुसऱ्या बाजूला गुप्त कागद, आणि मध्ये भिंग. अक्षरांच्या खोका जुळल्या. सरकारचा तज्ज्ञ म्हणाला, एक सोडून बाकीचे सगळे टंकलिखित कागद त्याच यंत्रावरचे. यातली विचित्र गोष्ट अशी की यंत्र शेवटी हिसच्याच वकिलांनी शोधून काढलं, आपली बाजू भक्कम होईल या आशेने. क्रमांक २३००९९. ते कोर्टात टेबलावर ठेवलं गेलं आणि त्यांच्यावरच उलटलं.

हेरगिरीचा आरोप ठेवायची कायद्याची मुदत संपली होती, म्हणून खटला शपथेवर खोटं बोलल्याचा. पहिल्या वेळी ज्यूरीचं एकमत झालं नाही. दुसऱ्या वेळी, जानेवारी १९५० मध्ये, तो दोषी ठरला. शिक्षा पाच वर्षं. १९५४ मध्ये सुटला. काही वाकडी अक्षरं, आणि एवढा माणूस तुरुंगात.

पण मला या खटल्यात सगळ्यात जास्त आवडतो तो हिसही नाही आणि चेंबर्सही नाही. मला आवडतो मार्टिन टायटेल. हा न्यूयॉर्कचा टाइपरायटर दुरुस्त करणारा माणूस. फुल्टन स्ट्रीटवर त्याचं दुकान होतं. जगातल्या शेकडाभर भाषांची यंत्रं तो जुळवून द्यायचा. त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगतात की बर्मी लिपीचं एक अक्षर त्याने चुकून उलटं बसवलं होतं! आपल्याला हसू येतं, पण देवनागरीत 'ष' आणि 'प'चा गोंधळ घालणारे खिळे जुळवणारे ज्यांनी पाहिलेत ते त्याला माफ करतील.

हिसच्या वकिलाने या टायटेलकडे अजब काम आणलं. हिसचं म्हणणं होतं की कोणीतरी माझ्या यंत्रासारखं दुसरं यंत्र तयार करून मला गोवलं. हे शक्य तरी आहे का, ते सिद्ध करून दाखवायचं होतं. टायटेलला मूळ यंत्र पाहायचं नव्हतं. फक्त त्यावर टाइप केलेले नमुने समोर ठेवायचे आणि हुबेहूब तसंच लिहिणारं यंत्र बनवायचं. हा माणूस दोनेक वर्षं त्यावर खपला. जुने खिळे मिळवले, एकेक अक्षर भिंगाखाली धरून घासलं, वाकवलं, टवका उडवला. चांगलं अक्षर नेमकं तेवढंच आणि तसंच बिघडवायचं. आयुष्यभर यंत्रं दुरुस्त करणाऱ्याने यंत्र नादुरुस्त करण्यात जीव ओतला.

माझ्या मते डिस्ट्रेस्ड फाँट म्हणतात तो हा. नातीच्या मेन्यूकार्डाच्या कितीतरी आधीचा, कानशीने घडवलेला, आणि एका माणसाची अब्रू वाचवण्यासाठी.

उपयोग झाला नाही. १९५२ साली न्यायाधीशांनी फेरखटल्याचा अर्ज फेटाळला. हिस १९९६ साली वारला, तोवर आपण निर्दोष असल्याचं सांगत राहिला. १९९५ साली रशियन तारांच्या जुन्या उकलींचे जे कागद अमेरिकेने खुले केले, त्यांच्यावरून बहुतेक इतिहासकार त्याला दोषीच मानतात. काहीजण अजून भांडतात. मला त्यात शिरायचं नाही. टायटेल २००८ साली गेला.

अमेरिकेत निदान कोर्ट होतं, वकील होता. रुमानियात चाउशेस्कूच्या राजवटीने १९८३ मध्ये कायदाच केला की टाइपरायटर घरी ठेवायचा तर पोलिसांची परवानगी हवी, आणि यंत्रावर टाइप केलेला सगळ्या अक्षरांचा नमुना चौकीत नेऊन द्यायचा. दरवर्षी. कारण यंत्र झिजतं ना! गेल्या सालचा नमुना या साली जुळेलच असं नाही. म्हणजे बोटांचे ठसे घ्यावेत तसे यंत्राचे ठसे. कोणी रात्री पत्रक टाइप करून भिंतीला चिकटवलं की सकाळी नमुन्यांच्या फायली उघडायच्या. ज्याची वागणूक सरकारला पसंत नाही त्याला परवानगीच नाही. हा प्रकार १९८९ च्या डिसेंबरात ती राजवट कोसळेपर्यंत चालला. विचार करा, नवऱ्याचं यंत्र खाली पडून एक दांडी वाकली, तर त्या बायकोच्या पोटात काय गोळा येत असेल.

ते वाचलं तेव्हा माझ्याही पोटात गोळा आला होता. त्याचं कारण दूरचं नाही. आता लिहायला बसलेच आहे तर लिहून टाकते. पन्नास वर्षं होत आली.

१९७६ साल. एका तालुक्याच्या गावी हायस्कूलमध्ये मी नुकती लागले होते. मराठी आणि इतिहास शिकवत होते, अजून कायम झाले नव्हते. शाळेच्या ऑफिसात एक मराठी टाइपरायटर होता, कोणाकडून तरी जुना घेतलेला. तरुण आणि बोटं चालतात म्हणून परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांचे स्टेन्सिल कापायचं काम माझ्याकडे आलं. स्टेन्सिल म्हणजे मेणकागद. रिबन बाजूला करायची आणि उघड्या खिळ्याने त्या कागदावर अक्षर कापायचं, मग सायक्लोस्टाइल यंत्रावर प्रती काढायच्या. चुकलं तर लालसर औषध लावून छिद्र बुजवायचं. त्याचा वास अजून नाकात आहे. पोट बंद असलेली अक्षरं जोरात मारली की आतला तुकडाच गळून पडे आणि छापताना काळा ठिपका उमटे. म्हणून दर शनिवारी मी टाचणीने अक्षरांची पोटं साफ करत बसायची.

मराठी टायपिंगचे हाल वेगळेच होते. अर्धा 'स' एका बटणावर, काना दुसऱ्या बटणावर. दोन्ही जुळले तर पूर्ण 'स', नाहीतर शिरोरेषेत फट. मात्रा, वेलांट्या यांच्या दांड्या आणखी वेगळ्या. त्यामुळे टाइप केलेली मराठी ओळ म्हणजे पावसाळ्यातल्या कौलांसारखी, कुठे सरकलेली, कुठे गळणारी. आमच्या यंत्राचा 'ळ' तर बघण्यासारखा होता. तो ओळीच्या केसभर वर उडी मारून बसायचा आणि त्याचा डावा गोल, कितीही टाचणी घाला, बुजलेलाच राहायचा. धातूच तिथे चेपला होता. आता शाळेतल्या कागदात 'शाळा' हा शब्द किती वेळा येतो ते तुम्हीच मोजा.

आमचे एक सहकारी भूगोल शिकवायचे. मोकळे गृहस्थ. आणीबाणीचे दिवस होते. २८ जून १९७५ ला एका इंग्रजी वर्तमानपत्राने अग्रलेखाची जागा कोरी छापली होती. सरांनी तो अंक जपून ठेवला होता आणि वरच्या वर्गातल्या मुलांना दाखवला होता. एवढंच. काही महिन्यांनी वरच्या कार्यालयातून हेडसरांकडे एक निनावी अर्ज खुलाशासाठी आला. हे शिक्षक वर्गात सरकारविरुद्ध बोलतात, यांच्यामुळे शाळेचं नाव खराब होत आहे, शाळेतील मुलांवर वाईट परिणाम होत आहे, वगैरे. अर्ज टंकलिखित होता. हेडसरांनी तो स्टाफरूममध्ये सगळ्यांना पाहायला दिला.

कागद माझ्या हातात आला. 'शाळेचे', 'शाळेतील', 'शाळेत'... प्रत्येक 'ळ' केसभर वर. डावा गोल बुजलेला.

मी नजर वर केली तेव्हा कोणीच माझ्याकडे बघत नव्हतं. मी कागद शेजारच्या बाईंकडे दिला.

त्या यंत्रापर्यंत पोचणारी माणसं तीन-चारच होती. लेखनिक, हेडसर, संस्थेचे एक पदाधिकारी आणि मी. मी बोलले असते तर पहिला प्रश्न मलाच आला असता. आणि नोकरी कच्ची, घरी धाकटी भावंडं. मिसाखाली गावातले दोघं आधीच आत होते. ही सगळी कारणं खरी आहेत आणि इतकी वर्षं मी ती स्वतःला सांगत आले आहे. सरांना दोनदा पोलीस चौकीवर बोलावणं आलं. अटक झाली नाही. वर्ष संपायच्या आत त्यांनी राजीनामा दिला आणि ते गावी शेती बघायला निघून गेले. पुढे १९९० च्या सुमारास एका लग्नात भेटले. आंब्याच्या मोहोराबद्दल बोललो. मी काही सांगितलं नाही. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

असो.

फाँटकडे येते. संगणक आल्यावर झिजलेलं अक्षर खरं तर नामशेष व्हायचं. पण १९९१ साली एरिक व्हान ब्लॉकलांड नावाच्या एका तरुण डच अक्षरकाराने 'ट्रिक्सी' नावाचा फाँट केला, खऱ्याखुऱ्या घाणेरड्या टाइपरायटरच्या नमुन्यावरून, मळासकट. तोवर संगणकाची अक्षरं म्हणजे कडक इस्त्रीचे कपडे. त्यात हा मळका सदरा घालून आला. १९९३ मध्ये 'एक्स फाइल्स' ही मालिका सुरू झाली, तिच्या नावासाठी तो वापरला गेला, आणि मग त्याच्या भावंडांचा महापूर आला. सरकारी गुपित म्हटलं की हे अक्षर, हे समीकरण तेव्हापासून घट्ट झालं. जी झीज पकडून देत होती ती आता 'हे खरं आहे बरं का' असं सांगायला उभी राहिली.

पण नातीच्या पडद्यावर मी नीट पाहिलं तर एक गोष्ट खटकली. प्रत्येक 'ई'वर शाईचा डाग अगदी एकाच जागी! खऱ्या यंत्रात असं होत नाही. धातूला पडलेली खोक प्रत्येक वेळी तीच उमटते, पण शाई कधी जास्त, कधी कमी. बोट कधी जोरात पडतं, कधी हळू. तज्ज्ञ माणूस पानभर तेच अक्षर बघतो आणि बदलणारं सगळं सोडून देतो. जे बदलत नाही तेवढंच धरतो. फुकटच्या फाँटमध्ये दोन्ही एकच होऊन बसतात. नातीला सांगितलं तर ती म्हणाली, महागड्या फाँटमध्ये त्याचीही सोय आहे. 'ट्रिक्सी'ची २००८ मध्ये जी सुधारलेली आवृत्ती निघाली तिच्यात एकेका अक्षराची अनेक रूपं भरली आहेत आणि टाइप करताना ती आपोआप आलटून पालटून येतात. टायटेल असता तर खूश झाला असता, किंवा कपाळाला हात लावला असता.

याच्या उलटही घडलेलं आहे. २००४ च्या सप्टेंबरात सीबीएस वाहिनीने जॉर्ज बुश यांच्या तरुणपणीच्या लष्करी नोकरीबद्दल काही कागद दाखवले, १९७२-७३ सालचे म्हणून. इंटरनेटवरच्या लोकांनी काही तासांत आक्षेप घेतला की प्रत्येक अक्षराला त्याच्या अंगाप्रमाणे जागा कशी? साध्या ऑफिसातल्या यंत्रावर 'आय' आणि 'एम' एकाच घरात बसतात! कोणी तोच मजकूर संगणकावर वर्डमध्ये टाइप करून पाहिला तर ओळी जवळजवळ तंतोतंत जुळल्या. वाहिनीला बारा दिवसांत कबूल करावं लागलं की कागद अस्सल असल्याचं सिद्ध करता येत नाही. अक्षरं फार नीटनेटकी होती, हा तिथला दोष.

आपल्याकडे महाराष्ट्रात टाइपरायटरवरची सरकारी परीक्षा २०१७ साली शेवटची झाली, नंतर सगळं संगणकावर. आमच्या गावातल्या टायपिंग क्लासचा तो सकाळचा पाऊस पडल्यासारखा आवाज तेव्हाच थांबला.

काल नातीचा फोन आला. मेन्यूकार्ड पसंत पडलं, पण त्यांना आता मराठी कार्डही तशाच अक्षरांत हवं आहे, आणि तिच्या मनासारखा झिजका देवनागरी फाँट काही मिळेना. "आजी, तुझ्याकडे जुना टाइप केलेला एखादा कागद असेल ना? स्कॅन करून अक्षरं उचलते."

ट्रंकेत तळाशी एक प्रश्नपत्रिका होती. इयत्ता नववी, सहामाही परीक्षा, विषय मराठी, ऑक्टोबर १९७६. कागद पिवळा पडून घडीवर फाटलाय, पण अक्षरं शाबूत आहेत. निबंधाचा पहिलाच विषय 'माझी शाळा'. शेजारच्या मुलाकडून फोटो काढून पाठवला.

संध्याकाळी तिने विचारलं, "यातला 'ळ' जरा वर गेलाय गं. बाकीच्यांच्या ओळीत आणू का?"

"नको," म्हटलं. "राहू दे तसाच."